स्पेशल स्कूल चालवणं म्हणजे नक्की काय करायचं असतं?

"मॅडम, तुमच्यात केवढा पेशन्स असेल ना!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. लग्नात भेटलेली लांबची आत्या, बँकेतला कॅशियर, वाढदिवसाचा केक घेऊन शाळेत आलेले देणगीदार, सगळ्यांचं एकच. आता पेशन्स लागतो, नाही कोण म्हणतंय, पण नुसत्या पेशन्सवर स्पेशल स्कूल चालत असतं तर आमच्या कुठल्याही मुलाच्या आईला मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसवलं असतं तरी भागलं असतं. मुळात काम वेगळंच आहे आणि ते बाहेरून दिसत नाही, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून काढावं. वर्गावर शिकवणाऱ्या टीचरला अचानक मुख्याध्यापकपदाचा चार्ज मिळतो, साध्या शाळेतल्या हेडसरांना सांगितलं जातं की आता आपल्याकडे पण या मुलांसाठी वर्ग सुरू करायचाय, नाहीतर एखादा पालकच वैतागून म्हणतो की चला आपणच काहीतरी चालू करू. अशा सगळ्यांसाठी हे आहे. ज्यांचं मूल अशा शाळेत जातं त्यांनी पण वाचा, म्हणजे शाळेत जाऊन काय विचारायचं ते कळेल.

आधी मुलं कोणती ते बघू. डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटी म्हणजे मेंदूच्या वाढीतच कुठेतरी फरक पडलाय आणि तो लहानपणापासून आहे. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं, आणि बऱ्याच मुलांत यातल्या दोन-दोन गोष्टी एकत्र असतात, शिवाय काहींना फिट्स असतात त्या वेगळ्याच. हे गोळ्या घेऊन जाणारं दुखणं नाही. शिकणं मात्र होतं, आणि ते कुठपर्यंत होईल हे पाच वर्षांच्या पोराकडे बघून कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब रहा.

लोक पहिला प्रश्न आयक्यूचा विचारतात. ५० ते ६९ म्हणजे सौम्य, ३५ ते ४९ मध्यम, २० ते ३४ तीव्र आणि त्याखाली अतितीव्र, हे कोष्टक सगळ्यांना पाठ असतं. खरं सांगू का, शाळा चालवताना त्या आकड्याचा फार उपयोग होत नाही. उपयोग होतो तो रोजच्या व्यवहारात मूल काय काय करतं हे मोजण्याचा. त्यासाठी आपल्याकडे सगळ्यात जास्त वापरतात ती व्हीएसएमएस (व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल) नावाची चाचणी, मूळ अमेरिकेतल्या एडगर डॉल यांची, पण भारतातल्या मुलांसाठी ती बेतली नागपूरच्या चाइल्ड गायडन्स सेंटरच्या डॉ. मालिन यांनी, म्हणजे आपल्याच नागपुरात तयार झालेलं हत्यार आज देशभर वापरतात. त्यात आईला विचारतात की स्वतःच्या हाताने जेवतो का, कपडे घालतो का, दुकानातून सांगितलेली वस्तू आणतो का. बौद्धिक अक्षमतेच्या दिव्यांग सर्टिफिकेटवरची टक्केवारी पण याच स्कोअरवर लावतात. ५५ ते ६९ असेल तर ५० टक्के, ३६ ते ५४ ला ७५ टक्के, २१ ते ३५ ला ९० आणि त्याखाली १००. कायद्याचे बरेचसे फायदे ४० टक्क्यांपासून सुरू होतात म्हणून ते सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, महत्त्वाचं, ते काढून घ्याच. पण ७५ टक्के लिहिलेली दोन मुलं माझ्यासमोर एकाच बाकावर बसतात, त्यातला एक एसटीचा पास दाखवून रोज एकटा येतो आणि दुसऱ्याला तहान लागली हे सांगता येत नाही. आता या दोघांना एकच पुस्तक देऊन काय करणार?

म्हणून मग आयईपी. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र शैक्षणिक आराखडा. ही कल्पना अमेरिकेतल्या १९७५ च्या कायद्यातून आली आणि आता जगभर तीच चालते. ऐकायला फार भारी वाटतं, पण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. आयईपी नसतो असं नाही हो, फाइली असतात, सुंदर अक्षरात असतात, इन्स्पेक्शनला साहेब आले की टेबलावर मांडलेल्या पण असतात. फक्त त्या फाइलीत जे लिहिलंय ते वर्गात होत नाही, वर्गात होतं ते मावशींना माहीत नाही, आणि मावशी करतात ते घरी कोणी करत नाही. प्रोग्रॅम चालवणाऱ्याचं खरं काम मला विचाराल तर हेच आहे, मुलाच्या आजूबाजूच्या सगळ्या मोठ्या माणसांना एकाच गोष्टीवर एकाच पद्धतीने काम करायला लावणं. मुलं त्यांच्या गतीने शिकतातच, मोठ्यांचा मेळ बसवताना मात्र घाम फुटतो.

एक उदाहरण घेऊ म्हणजे मी काय म्हणते ते लक्षात येईल. पोळीभाजी खाणं. आपल्याला वाटतं त्यात काय शिकवायचं? पण नीट बघा. पोळी ताटात बोटांनी दाबून धरायची, अंगठा आणि पहिल्या बोटाने चिमटा घेऊन तुकडा तोडायचा, हे सगळं एकाच हाताने, मग तो तुकडा भाजीवर नेऊन जरा दुमडून भाजी उचलायची, न सांडता तोंडापर्यंत आणायची, चावायचं, गिळायचं, आणि तोंडातला संपेपर्यंत पुढचा तुकडा घ्यायचा नाही. डाऊन सिंड्रोमच्या मुलांचे स्नायू सैल असतात, त्यांना तो चिमटाच जमत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा हात वाटेतच भलतीकडे जातो. अशा कामाचे तुकडे पाडण्याला आमच्यात टास्क अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि शिकवायचं ते बरेचदा उलटीकडून. म्हणजे तोडणं, लावणं, उचलणं सगळं टीचरने मुलाच्या हातावर हात ठेवून करायचं आणि तुकडा ओठांजवळ आला की हात सोडून द्यायचा, शेवटचं एवढंसं काम त्याने एकट्याने केलं पाहिजे. का? कारण लगेच घास तोंडात जातो, बक्षीस जागच्या जागी मिळतं. ते जमलं की एक पायरी मागे जायचं, भाजीपासून तोंडापर्यंत त्याचं त्याने, असं करत करत तोडण्यापर्यंत पोचायचं. एका हाताने जमत नसेल तर खुशाल दोन्ही हातांनी तोडू दे, शिष्टाचार नंतर बघू.

मदत पण मोजून द्यायची असते. आधी हातावर हात, मग नुसता मनगटाला आधार, मग कोपराला बोट, मग खूण, मग काहीच नाही. तोंडी सूचना देताना जपून, "तोड, तोड, तोड ना बाळा" असं जे आपण सतत बडबडतो त्याची मुलाला इतकी सवय लागते की ते ऐकल्याशिवाय तो हलत नाही, आणि हाताचा आधार काढणं सोपं असतं पण तोंडाची सवय काढणं महाकठीण, टीचरचं तोंड बंद ठेवणं त्याहून कठीण.

आता यात मुख्याध्यापकाचा काय संबंध? सगळा संबंध इथेच आहे. टीचर मागे बसून कोपराला बोट लावून शिकवतेय, तेवढ्यात सुट्टी संपत आली म्हणून मावशी येतात आणि पटापट चार घास भरवून डबा मोकळा करतात, कारण त्यांना पुढे फरशी पुसायचीये आणि डबा भरलेला घरी गेला तर आई फोन करून विचारते. घरी आजी पोळी दुधात कुस्करून चमच्याने भरवते, कारण पोर उपाशी राहायला नको. यात चूक कोणाचीच नाही, तिघींचंही प्रेमच आहे, पण त्या मुलाला दिवसाला तीन वेगळे नियम दिसतात आणि तो सगळ्यात सोपा निवडतो, तुम्ही-आम्ही पण तेच करू. मग टीचरने कितीही ट्रेनिंग घेतलेलं असू दे. इथे निर्णय वरून घ्यावा लागतो, जेवणाची सुट्टी लांबवायची, त्यासाठी टाइमटेबलमधला एखादा तास कापायचा, मावशींच्या साफसफाईची वेळ बदलायची, आणि आईला सांगायचं की दोन पोळ्या देऊ नका, अर्धीच द्या, बाकीचं पोट शाळा सुटल्यावर भरा. हे टीचर ठरवू शकत नाही, तिच्या हातात टाइमटेबल नाही आणि मावशींना ऑर्डर द्यायचा अधिकार पण नाही. म्हणूनच आमच्याकडे आयईपीच्या मीटिंगला त्या वर्गाच्या मावशी बसतात. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्या दारातच उभ्या राहिल्या होत्या, "मी काय बोलू मॅडम." पण मुलाला संडासला नेताना तो कुठल्या शब्दाला उठतो, कोणत्या नळाला घाबरतो हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

ध्येय लिहिताना एक पथ्य पाळायचं. "आकलन वाढवणे", "सामाजिक कौशल्य विकसित करणे" असलं काही दिसलं की मी फाइल परत पाठवते. त्याऐवजी असं लिहा, मधल्या सुट्टीत अर्धी पोळी दोन्ही हातांनी तोडून खाईल, मदत फक्त कोपराला स्पर्श एवढीच, आठवड्यातल्या पाचपैकी चार दिवस. हे कोणीही उभं राहून बघू शकतं आणि हो किंवा नाही सांगू शकतं. एका मुलाला एका वेळी तीन-चार ध्येयं पुष्कळ झाली. वीस-पंचवीस लिहून ठेवणाऱ्या शाळा मी पाहिल्यात, तिथे एकावरही काम होत नाही. कुठून सुरू करायचं हे कळायला तयार तपासण्या आहेत, चेन्नईहून आलेली एमडीपीएस (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम) आहे, १८ विभाग आणि प्रत्येकात २० कौशल्यं, किंवा सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेवरच्या राष्ट्रीय संस्थेची, म्हणजे आता जिला एनआयईपीआयडी म्हणतात तिची एफएसीपी चेकलिस्ट, ज्यात स्वतःची कामं, समाजात वावर, अभ्यास, व्यवसाय आणि करमणूक असे भाग पाडलेत आणि पूर्व प्राथमिकपासून पूर्व व्यावसायिकपर्यंत वर्ग आहेत. महाराष्ट्रात आता जय वकील फाउंडेशनचा दिशा अभ्यासक्रम पण आलाय, सरकारने तो बौद्धिक अक्षमतेच्या मुलांच्या विशेष शाळांसाठी घेतलाय, त्यामुळे प्रत्येक शाळेने आपापल्या मनाने काहीही शिकवायचे दिवस कमी होतायत ही चांगली गोष्ट आहे. पण चेकलिस्ट भरली म्हणजे काम झालं असं समजू नका, ती फक्त मूल आत्ता कुठे उभं आहे ते सांगते.

वय मात्र विसरायचं नाही, यावर माझं जरा कडक मत आहे. पंधरा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या मुलाला "मानसिक वय चार" म्हणून बालवाडीची बडबडगीतं म्हणायला लावतात ते मला बघवत नाही. त्याची आकलनशक्ती कमी असेल, पण त्याला गावातल्या गणपतीच्या मांडवात वावरायचंय, केस कापायला जायचंय, मोबाइलवर गाणी ऐकायचीयत. वडील येतात आणि विचारतात, "मॅडम, एबीसीडी कधी शिकवणार?" तेव्हा त्यांना तोडून बोलू नये, त्यांच्यासाठी अक्षरं म्हणजे शाळा. मी विचारते की त्याला सातवी-आठवीच्या वयात सगळ्यात जास्त काय वाचायला लागेल? मग हळूहळू निघतं, बसची पाटी, पुरुष-स्त्री लिहिलेलं दार, औषधाच्या दुकानाची खूण, दहाची आणि शंभरची नोट, स्वतःचा पत्ता आणि आईचा नंबर. एवढं आधी करू, सौम्य गटातलं मूल असेल तर मुक्त विद्यालयाची परीक्षा पण देऊ शकतं, तो रस्ता एनआयओएसने, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने, मोकळा ठेवलाय, पण पाच वर्षं अ आ इ गिरवून काहीच हाती लागलं नाही असं होऊ द्यायचं नाही.

वर्तनाचं बघू, कारण त्यावरूनच सगळ्यात जास्त मुलं शाळेतून काढली जातात. समजा एक मुलगा रोज गणिताच्या तासाला वस्तू फेकतो. टीचर काय करते, बाहेर पाठवते. तो बाहेर जाऊन व्हरांड्यात मजेत झोका घेतो. म्हणजे त्याला गणित नको होतं, ते फेकल्यावर टळलं, बाहेर पाठवायची शिक्षा त्याच्यासाठी बक्षीस ठरली. म्हणून कोणी तक्रार घेऊन आलं की मी आधी एक कागद देते आणि आठवडाभर तीन गोष्टी लिहायला सांगते, आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, मग आपण काय केलं. बहुतेक वेळा उत्तर त्या कागदावरच सापडतं. मुलाला लक्ष हवं असतं, किंवा काम टाळायचं असतं, किंवा वस्तू हवी असते, किंवा शरीराला काहीतरी संवेदना हवी असते. कामच टाळायचं असेल तर काम सोपं आणि छोटं करा आणि "मला ब्रेक हवा" हे सांगायचं कार्ड हातात द्या, म्हणजे फेकण्यापेक्षा सोपा रस्ता त्याला मिळतो. इथे एक सावध करते, जुन्या सवयीला आपण दाद द्यायची बंद केली की ती आधी वाढते, दोन-चार दिवस तो दुप्पट फेकतो, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचा धीर सुटतो, "मॅडम ही पद्धत चालत नाही" म्हणतात. त्या दिवसांत प्रमुख माणसाने वर्गात जाऊन उभं राहायला हवं. आणि हो, अचानक वागणं बदललं असेल, बोलता न येणारं मूल डोकं आपटायला लागलं असेल, तर मानसशास्त्र बाजूला ठेवून आधी दात, कान आणि पोट बघून घ्या. दाढ दुखत असते, कान फुटलेला असतो, चार दिवस शौचाला झालेली नसते, आणि आपण बसतो कारणं शोधत.

ऑटिझमच्या मुलांसाठी वर्गाची मांडणीच वेगळी लागते. पुढे काय होणार हे आधी डोळ्यांना दिसलं की त्यांची निम्मी घालमेल कमी होते, म्हणून भिंतीवर दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक, झालेलं काम काढून डब्यात टाकायचं, कामाची जागा एक, खेळायची वेगळी. नॉर्थ कॅरोलायनामधून आलेली टीच पद्धत साधारण याच विचाराची आहे. बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रं देऊन मागायला शिकवतात, आयआयटी मुंबईच्या लोकांनी केलेलं जेलो नावाचं अ‍ॅप पण आहे आणि ते मराठीत बोलतं. पालकांना भीती असते की चित्रांची सवय लागली तर पोर बोलणारच नाही, तसं होत नाही, उलट मागता यायला लागलं की रडारड कमी होते. बाकी वेळापत्रक बदलणार असेल, म्हणजे उद्या वर्गाची टीचर रजेवर आहे किंवा पंधरा ऑगस्टची प्रॅक्टिस आहे, तर आदल्या दिवशी चित्र लावायचं, हे काम कोणाचं ते नावानिशी ठरलेलं असावं, नाहीतर कोणीच करत नाही.

जिवाशी गाठ असलेल्या काही गोष्टी आहेत, त्यात तडजोड नको. फिट आली की मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचं बटण सोडा, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर अजिबात नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा. हे शाळेतल्या ड्रायव्हरकाकांपासून सगळ्यांना यायला हवं, कारण फिट गाडीत पण येते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं झोपवून भरवायचं नाही, अन्न श्वासनलिकेत जातं, पाय टेकतील अशा खुर्चीत सरळ बसवूनच. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउड्या मारायला लावू नका, त्यांच्या मानेचा वरचा सांधा सैल असू शकतो, आणि थायरॉइड व ऐकू येणं वेळोवेळी तपासून घ्या, "ऐकतच नाही" म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला खरंच ऐकू येत नसतं. आणि संडास-बाथरूमची मदत कोण, कुठे, कशी करणार याचा लेखी नियम पाहिजे, दार किती उघडं, दुसरं कोण जवळपास. या मुलांवर अत्याचार झाला तर सांगता येत नाही, म्हणूनच मोठ्यांवर जास्त बंधनं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली कळूनही गप्प बसणं हा गुन्हा आहे, संस्थेचं नाव खराब होईल वगैरे काही चालत नाही.

सरकारी बाजू थोडक्यात. विशेष शाळा शिक्षण खात्याखाली येत नाहीत, पूर्वी सामाजिक न्यायाकडे होत्या, २०२२ च्या डिसेंबरात राज्यात दिव्यांग कल्याण विभाग वेगळा झाला, आयुक्तालय पुण्यात आहे. साध्या शाळेत शिकणारी दिव्यांग मुलं मात्र शिक्षण खात्याच्या समग्र शिक्षा योजनेखाली. या दोन खात्यांमध्ये मूल इकडून तिकडे जाताना कागदपत्रं हरवतात, म्हणून झेरॉक्सचा एक संच पालकांकडे ठेवायला सांगाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ च होते, आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलाला ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. शिकवणाऱ्याकडे आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन हवं, ते तपासल्याशिवाय कोणाला वर्गावर ठेवू नका. साध्या शाळेतल्या मुलांसाठी सुप्रीम कोर्टाच्या २०२१ च्या निकालानंतर केंद्राने प्रमाण ठरवलं, प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मागे एक. प्रत्यक्षात एकेक विशेष शिक्षक तालुक्यातल्या कितीतरी शाळा फिरतो, कुठल्या मुलाला आठवड्यात अर्धा तास मिळाला तरी नशीब. अशा वेळी हेडसरांनी एकच करावं, त्या अर्ध्या तासात मुलाला वेगळ्या खोलीत नेण्याऐवजी विशेष शिक्षकाला वर्गशिक्षिकेबरोबर बसवावं, म्हणजे उरलेला आठवडा काय करायचं ते तिला कळेल.

थेरपिस्टचं पण तेच. स्पीच, ऑक्युपेशनल, फिजिओ, आठवड्यातून एकदा येतात, मुलाला खोलीत नेतात, परत आणून सोडतात, आणि आत काय झालं ते वर्गाला कळत नाही. मी नियम केलाय की निम्मा वेळ वर्गातच काम करायचं, जेवताना, कपडे बदलताना, आणि जाताना टीचरला एकच गोष्ट सांगून जायची. सुरुवातीला नाराजी झाली. होऊ दे.

स्टाफबद्दल बोलायचं तर, विनाअनुदानित शाळांमधले पगार सांगायला लाज वाटते अशी स्थिती आहे, आणि या कामात यश दिसायला महिने लागतात, त्यामुळे चांगली मुलं-मुली दोन वर्षांत सोडून जातात. पगार माझ्या हातात नाही, पण चावा खाऊन, कपड्यांवर उलटी झेलून उभ्या असलेल्या टीचरला त्या क्षणी दहा मिनिटं सुट्टी देणं माझ्या हातात आहे, तिच्या जागी मी वर्गात उभी राहते. रोज अर्धा तास तरी मी कुठल्या ना कुठल्या वर्गात मागे बसते, चुका काढायला नाही, एकच गोष्ट बघायला, मुलाला किती वेळ काही कामच नव्हतं. सगळ्यात जास्त वेळ वाट बघण्यात जातो हो, आपल्या पाळीची, पाण्याची, रिक्षाची. तो वेळ कमी केला की अर्धे वर्तनाचे प्रश्न तिथेच मिटतात.

पालक हा विषय मोठा आहे. आपल्याकडच्या नावाजलेल्या संस्थांचा इतिहास बघितला तर त्यातल्या कितीतरी पालकांनीच काढल्यात. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या डीना नावाच्या मुलीसाठी सुरू केलेली शाळा आज जय वकील म्हणून सगळ्यांना माहितीये, मिठू अलूर यांनी मुलीला सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी काढली, नाशिकला रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी उभी केली ती पण स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने. तेव्हा पालकांना काही कळत नाही असं बोलणारा टीचर भेटला की मला राग येतो. पण ते दमलेले असतात हेही खरं. एखाद्या आईने तीन महिन्यांत घरी काहीच केलं नसेल तर तिला रागावण्याआधी तिचा दिवस विचारा, सासूचं आजारपण असतं, नवरा शिफ्टमध्ये असतो, धाकट्याची परीक्षा असते. घरी करायला एकच गोष्ट द्या, जी ती तसंही करणारच आहे, आंघोळ, जेवण, चप्पल. वेगळा वेळ काढून "ॲक्टिव्हिटी" करा म्हटलं की ती होत नाही.

आणि आता तो प्रश्न, जो सगळे पुढे ढकलतात. अठरानंतर काय? शाळा संपते, आणि पोर घरी टीव्हीसमोर बसतं, दोन वर्षांत शिकलेलं निम्मं विसरतं. कार्यशाळा आहेत, पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, आकाशकंदील, उटणं, फाइली, पण जागा कमी आणि काम बरंचसं दिवाळीपुरतं. म्हणून चौदाव्या वर्षापासूनच शाळेतले तास बदलायला लागतात, एका जागी तासभर काम करणं, झालं की सांगणं, जेवणाची सुट्टी झाली की परत जागेवर येणं, अनोळखी माणसाशी अंतर ठेवणं. हात कुशल असूनही यातलं काही येत नाही म्हणून मुलं कामावर टिकत नाहीत. गावात कुठे काम मिळू शकतं ते आधी बघून मग शिकवा, गावात बेकरी असेल तर खोकी भरणं, मंगल कार्यालय असेल तर ताटं लावणं. सगळ्यांना मेणबत्त्या शिकवून ठेवल्या आणि विकायला कोणी नाही, असं नको.

कागदाचं पण आहे. मूल १८ चं झालं की कायद्याने ते सज्ञान, आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, मग बँकेत, मालमत्तेत, कुठे सही लागली की अडतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अक्षमता असलेल्यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कायदेशीर पालकत्व मिळतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे करायचा, वकील लावायची गरज नाही. त्याच ट्रस्टची निरामय योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, ज्यात थेरपीचा खर्च पण बसतो, दरवर्षी रिन्यू करायचं मात्र लोक विसरतात, म्हणून शाळेनेच एक रजिस्टर ठेवावं. आम्ही जूनमध्ये सोळा पूर्ण झालेल्या मुलांच्या घरच्यांची वेगळी मीटिंग लावतो, आणि तिला आई-वडिलांबरोबर भाऊ-बहिणींना पण बोलावतो. पुढे पालकत्वाच्या अर्जावर दुसरं नाव कोणाचं टाकायचं हे तिथे बसूनच बोललं जातं, कधी वाद होतो, कधी ताई म्हणते मला अजून दोन वर्षं द्या, तेही लिहून ठेवतो आणि पुढच्या जूनला परत विचारतो.